हौदावरची जाळी

मासे न्या, भाऊ, लागतील तेवढे न्या — तुमचा तो डबा भरून न्या — पन जाळीचं नाव नका काढू. देनार नाही म्हनजे नाही. पडूनच आहे ती त्या कोपऱ्यात, कबूल, तुम्ही पाह्यली म्हनून तर मागितली. तुमचे वडील दिवसभर काठी घेऊन हौदापाशी बसतात, पक्षी हाकलतात, त्याहिले आराम व्हावा म्हनून जाळी पाहिजे — ऐकलं मी, कान शाबूत आहेत माझे. त्याच्यासाठीच देत नाही. अं हं, त्या बाजेवर नका, इकडे ओट्यावर बसा. पानी घ्या. तुम्ही हिवतापवाले नवे आले सावद्यात, तुम्हाले काय माहीत? तुमच्या आधी बन्सीलालभाऊ व्हते, त्याहिनंच ओंजळभर गप्पी मासे सोडले व्हते आमच्या हौदात — डास व्हत नाहीत म्हने. गल्लीतल्या सगळ्या हौदातले मासे पक्ष्यांनी खाल्ले, नी धुरपदाबाईच्या हौदातले तेवढे राह्यले, म्हनून गावभर माझं नाव. माझं कशाचं? राखनदार दुसराच व्हता.

आमचे हे. सुकदेव आबा म्हनत लोक. सगळं आयुष्य केळीत गेलं — एका घावात घड उतरवत, जमिनीले टेकू नाही देनार. नी एक दिवस अंगावरून वारं गेलं. उजवा हात गेला, पाय गेला, जीभ गेली — 'अ' म्हनून निघे ना तोंडातून. ढोरं विकावी लागली. ढोरांचा हौद तसाच राह्यला, त्यात पानी नी हे मासे. मी सकाळी यांची बाज हौदाजवळ टाकून देत जाय — मले घर झाडता यावं म्हनून, खरं सांगते, दुसरं काही मनात नव्हतं — नी हे मासे पाहत पडत. एक दिवस खंड्या आला, तो निळा, लांब चोचीचा, सुळकन पान्यात नी मासा घेऊन वर. पाहते तर यांच्या डोळ्यात पानी. एवढुशा माशासाठी! मग दोन दिवस डाव्या हातानं खुना करत राह्यले — डबा, दोरी, शेवग्याची फांदी — नी मले काही उमजे ना. उमजलं तेव्हा हसूच आलं. ज्वारी राखायले माळ्यावर बसून डबा वाजवतात ना, तेच! तेलाचा रिकामा डबा, आत गोटे, टांगला फांदीले, दोरी यांच्या डाव्या हातात. बगळा आला — खडखड. खंड्या आला — खडखड. मांजर आलं — खडखड. काय सांगू भाऊ, रोज दाढी करून मागायले लागले! बाहेर न्यायले उशीर झाला तर माझ्यावर डोळे वटारत. नोकरीवर जायचं व्हतं ना त्याहिले.

मग काय? मग एप्रिल लागला. आपल्याकडचं ऊन काय सांगायचं, भिंतीले हात लावला तर फोड येतो. मी म्हने आत चला, हे मान हलवत — नाही. एका दुपारी दळन घेऊन आले तर हे बाजेखाली पडलेले. बगळा समोर हौदाच्या काठावर उभा, दोरी हातातून सुटलेली, तिच्यासाठी सरपटत निघाले व्हते. कोपर सोललेलं. मी दुसऱ्या दिवशी उठून एडलाबादले गेले — आता मुक्ताईनगर म्हनतात — पूर्णेवरच्या भोयाकडून ही जाळी आनली, माझ्या हातानं बांधली, चारी बाजूनं घट्ट. डबा काढून टाकला. म्हटलं, आता कशाले उन्हात तळता? मासे राहतील सुखात, तुम्ही बी राहा.

डबा उन्हासाठी काढला. लोकांले मी हेच सांगते — तुम्हालेही हेच सांगत व्हते. खोटं नाही ते, पन — आवाजाचा कंटाळा आला व्हता मले. हो, आला व्हता. पक्षी नसला तरी वाजवत ना! तहान लागली — खडखड. मी शेजारच्या शेवंताबाईशी दारात बोलत उभी राह्यले — खडखड. कूस बदलायची — खडखड. दिवसभर! हाक व्हती ती, भाऊ. जीभ नसलेल्या मानसानं दुसरी कोनती हाक मारायची? नी मी, ते पडले त्याच संध्याकाळी, कोपराले हळद लावता लावता ओरडले — 'जीव घ्या माझा त्या डब्यानं एकदाचा!' असं म्हटलं मी.

आत नेलं तर भिंतीकडे तोंड करून पडले. जेवन अर्ध्यावर आलं, मग चमच्यावर, मग दातच उघडेनात. डॉक्टर म्हने, वय झालं. अठरा दिवस. शेवटी शेवटी डावा हात बाजेची सुतळी वढत राहे, वढत राहे — नी मी म्हने, सोडा हो, तुटेल ती. एक एक बोट मीच सोडवलं. काय वढू राह्यले ते मले तेव्हा कळलं नाही. तेरावं झाल्यावर हौदाशी गेले, वाकून पाह्यलं — एक मासा कमी नाही! उलट पिलं झालेली. तिथंच बसून रडले मी. जाळी सोडली नी डबा परत टांगला, दोरी त्याहिच्या बाजेपर्यंत आनून ठेवली. पाहा ना, तशीच आहे. वाजवतं कोन?

नी ते काय आहे भिंतीशी? बांबूच ना? वाकलेल्या केळीले टेका देतो आम्ही त्याचा. ढीग पडला आहे. केळीची पानं तर बागेत सडून जातात. चार बांबू रोवून वर पानं टाकली असती — अर्ध्या घंट्याचं काम — डोक्यावर सावली झाली असती नी दोरी हातात राह्यली असती. जन्म केळीत गेला माझा, नी मले मांडव नाही सुचला. जाळी सुचली!

उठा आता. त्यातले चार बांबू काढा, सरळ पाहून काढा, सायकलीले बांधा. मासे नंतर न्या. वडील आता उन्हातच असतील ना? मग बसता काय? — अहो, दोरीले हात नका लावू! दिसला मले खंड्या. खाऊ द्या त्याले. जा तुम्ही.