सत्त्याण्णव

नाही, बसू नका. उभ्यानेच बोला — म्हणजे बोलूही नका, ऐका. मोबाइलवर तुमचं ते जे दुकान आहे, तिथे त्या मशीनखाली मी जी तक्रार लिहिलीय ती मी काढणार नाही. आणि हे नवीन मशीन आणलंत ना, ते उचला आधी, माझ्या टेबलावर नको. बदलून देतो म्हणे. बदलून काय करू, आता कोणाच्या बोटाला लावू? वडील जाऊन चाळीस दिवस झाले.

काय म्हणालात, तुम्ही बनवत नाही, फक्त विकता? मग काय विकलंत ते ऐका. वडिलांना न्यूमोनिया झाला होता. डॉक्टर म्हणाल्या, घरीच ठेवा, पण बोटाला मशीन लावून ऑक्सिजन बघत राहा — नव्वदच्या खाली आला की तडक दवाखान्यात. मी तुमच्याकडून मागवलं. दुसऱ्या दिवशी हजर. लावलं — सत्त्याण्णव. संध्याकाळी लावलं — सत्त्याण्णव. सकाळी बाबांना वाक्य पुरं करता येईना, दोन शब्द बोलले की थांबायचे, तरी सत्त्याण्णव. बायको म्हणाली, अहो, ओठ बघा त्यांचे, निळे पडलेत. मी म्हटलं, तू काय मशीनपेक्षा शहाणी? बाबांनी आपणहून हात पुढे केला — बघ रे परत एकदा, मला काही ठीक वाटत नाही. मी बघितलं. म्हटलं, बाबा, उगाच घाबरताय. दुपारी गेले. दवाखान्यात नेलं होतं — नेलं, पण कधी, तर त्यांनी मला ओळखायचं बंद केल्यावर.

नंतर मी ते इथे, या दिव्याखाली उघडलं. आत काय असावं? एक लाल दिवा, आकडे दाखवणारी पट्टी आणि नखाएवढी चिप. बोटातलं रक्त बघणारा डोळाच नाही. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीला लावलं — सत्त्याण्णव.

असं बघताय काय? हां — दुकान दुरुस्तीचं, मग याला आधी कसं कळलं नाही, हेच ना? दहा वर्षं लोक ऑनलाइन घेतलेले चार्जर घेऊन येतात माझ्याकडे, मी नुसतं हातात धरून सांगतो, नकली आहे, फेकून द्या. वजनावरून कळतं. हे पण — हे पण हलकंच होतं. खोक्यावर कंपनीच्या नावात एक अक्षर चुकलेलं, सांध्याला स्क्रू नाही, नुसता गोंद. कळलं होतं हो मला. पाकीट फोडतानाच कळलं होतं. पण बायको समोर उभी होती. ती आधीच म्हणाली होती, औषधाच्या दुकानातून आणा, आणि मी म्हटलं होतं, मला शिकवू नकोस, हा माझा धंदा आहे. मग आता तिच्यापुढे कुठल्या तोंडाने — म्हटलं, चालेल. दोन-चार दिवस तर काढायचेत. आकडा दाखवतंय ना.

हे तिला माहीत नाही. भावाला नाही. तिथे तक्रार लिहिलीय, त्यातही नाही.

— मान हलवू नका. मला समजून घ्यायला आला नव्हतात तुम्ही. उचला ते खोकं. जाताना दार ओढून घ्या.