दिव्यावरची काळी पट्टी

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती म्हणजे निवृत्त होणारे आमचे मेंटेनन्सचे मोठे साहेब, त्यांच्या सुविद्य पत्नी, आणि मघापासून चहाच्या टेबलाकडे डोळे लावून बसलेल्या बंधुभगिनींनो,

साहेबांविषयी दोन शब्द चांगले बोल, असं मला बजावण्यात आलंय. बोलतो. साहेबांच्या काळात मशीन कधी बंद राहिलं नाही. आधीच्या तिन्ही वक्त्यांनी हे सांगितलं. कसं राहिलं नाही, हे सांगितलं कोणी? मी इथला इलेक्ट्रिशियन, मला ते माहीत आहे.

चार नंबरच्या प्रेस मशीनला जाळीचं दार आहे. ते उघडं असलं की कंट्रोलर मशीन थांबवतो. गेल्या वर्षी दार लावलेलं असतानाही मशीन थांबायला लागलं. स्क्रीनवर एरर स्वच्छ होती, दाराचा सिग्नल येत नाही. म्हणजे कुठंतरी वायर सैल. मी म्हटलं, "साहेब, चार तास द्या, शोधून काढतो."

"शोधतोस कसलं? दार कायम बंद आहे असं सांगून टाक त्याला."

मी प्रोग्राममध्ये तसं टाकलं. होय, याच हातांनी. असं खोटं भरलं की कंट्रोलरवर पिवळा दिवा लागतो. त्यावर साहेबांनी स्वतः काळी चिकटपट्टी लावली. झाकली मूठ सव्वा लाखाची, नाही का?

दोन महिन्यांत मशीनवरच्या दादांची तीन बोटं गेली. चौकशीत निघाला दादांचा निष्काळजीपणा. साहेब मला म्हणाले, "ते सेटिंग मी काढलंय. तू गप्प बस." मी बसलो. मला नोकरी प्यारी होती. दादांची गेली. आजच्या समारंभाचं त्यांना बोलावणंही नाही.

साहेबांची काहीतरी आठवण जवळ असावी, म्हणून आज सकाळी मी ती पट्टी काढली. साहेब, दिवा चालूच आहे. आठ महिने दुसरा माणूस त्याच दारातून हात घालतोय. मान खाली घालू नका, गळ्यातला हार पडेल.

मशीन मी बंद करून आलोय. ही त्याची किल्ली आणि हा माझा लेखी जबाब, अध्यक्षांच्या समोर ठेवतो. पहिलं नाव माझंच आहे.

बोलू दिलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. या कागदात लिहिलंय ते मात्र पोटात घालू नका.