आठ जागचा फुगवटा

घरी काम दाखवायला नेऊ नये, असं मी उगाच म्हणत नाही. ऐका.

विजेवरच्या लाँच बोटीसाठी आमच्या कंपनीची एक मोटर होती. फिरताना थरथरायची. दोन वर्षं डोकं झिजवून मी तिचा रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, नव्याने आखला. मुद्दाम पूर्ण गोल ठेवला नाही. आठ जागी केसाएवढा फुगवटा दिला. त्यानेच थरथर जायची आणि बॅटरीही कमी लागायची.

सोमवारी रेवसला चाचणी, म्हणून रविवारी रोटर अलिबागला घरी आणला. वडिलांना दाखवला. ते जन्मभर लेथवर टर्नर. नुसतं "हं" म्हणाले. मी जेवून आडवा झालो.

सोमवारी लाँच अशी थरथरली की लाँचच्या मालकाच्या हातातला चहा सांडला. आमचे साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "दोन वर्षं हेच केलंस? बंद कर हे."

घरी आलो तर वडील दारातच.

"फिरली ना झकास? अरे, आठ जागी फुगलेला तुझा रोटर! तू झोपलेलास, तेवढ्यात शेजारच्या वर्कशॉपात लेथवर नेला आणि एकदम गोल करून आणला. तुझी लाज राखली."

मी चपला काढत राहिलो.

"साहेबांनी विचारलं का, कुणाचं काम हाय?"

"विचारलं."

"मग? कुणाचं नाव सांगितलंस?"

"माझंच."

त्यांचा चेहरा उतरला. "बापाचं नाव घ्यायला लाज वाटली व्हय रे?"