कोकमाच्या सालीत ताई काय शोधत होती

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. कॉलेजातले सर, मॅडम आलेत. वाडीतली माणसं आलीत. खाणीवरचे माझे सोबती आलेत. ताईबद्दल कॉलेजातल्या कुणीतरी बोलावं, असं मी म्हणत होतो. सर म्हणाले, अनंत, तूच बोल. मला सलग बोलता येत नाही, दम लागतो. मध्ये थांबलो तर सांभाळून घ्या.

ताई म्हणजे तुमच्या वसुधा मॅडम. माझी थोरली बहीण. रत्नागिरीला कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची. गेल्या आठवड्यात वर्गात शिकवता शिकवता खाली कोसळली. मेंदूत रक्तस्राव झाला, म्हणाले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मंडळी, आजारी मी होतो. घरात सगळ्यांनी मनाची तयारी केली होती ती माझ्या जाण्याची. आणि गेली ती.

मी वर सड्याच्या माळावरच्या चिरेखाणीत कामाला होतो. पूर्वी जांभ्या दगडाचे चिरे हातानं काढत. मग मशीन आलं, आणि धूळ अशी उडायला लागली की समोरचा माणूस दिसेना. वर डिझेलचा धूर. खाण म्हणजे खड्डाच, धूर जाणार कुठे? मला खोकला लागला. एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो मला नाही, ताईला समजावून सांगितला.

तेव्हापासून ती कोकमाच्या मागे लागली. कोकमाच्या सालीत एक द्रव्य आहे, ते धुरापासून फुफ्फुसं थोडी तरी वाचवेल, असं तिला वाटत होतं. मे महिन्यात आमच्या अंगणात साली वाळत पडायच्या. काही आमसुलांसाठी, बाकीच्या ताईच्या बाटल्यांसाठी. सुट्टी लागली की अर्क घेऊन मुंबईला जायची. तिथल्या एका प्रयोगशाळेत ओळख काढली होती तिनं.

एकदा तिथून तिनं बाजारातल्या एसटीडी बूथवर फोन करून मला बोलावून घेतलं. सांगत होती, फुफ्फुसाच्या पेशींवर डिझेलची काजळी टाकली, त्या मेल्या. ज्यांना आधी अर्क दिला होता, त्यातल्या बऱ्याच जगल्या. मी विचारलं, मग मी बरा होणार? ती म्हणाली, "अनंता, बशीतल्या पेशी म्हणजे तुझी छाती नव्हे. अजून खूप बघायचंय."

तिच्या या प्रयोगाची बातमी मात्र पेपरात आली. आम्ही तेव्हा मालकांकडे पाण्याचा पाइप मागत होतो. पाणी मारत कापलं की धूळ बसते. मालक बघू, बघू म्हणत होते. बातमी आली, आणि पाइपाऐवजी खाणीवर कोकम सरबताचं पिंप आलं. ताई स्वतः त्यांच्याकडे गेली. मालक हसले. "मॅडम, तुमचंच औषध पाजतोय की माणसांना. आता पाणी कशाला?"

त्या दिवशी ती जेवली नाही. पडवीत बसून राहिली. "धूळ थांबेपर्यंत तुम्ही तगावं, एवढंच मला हवं होतं रे," म्हणाली. "धूळ थांबवू नका, असं कुठे म्हटलं मी?"

सरबत आम्ही प्यायलो. गार होतं, गोड होतं. खाणीवरचा आमचा सोबती सुरेशही प्यायला. शिमगा झाला आणि सुरेश गेला. त्याची बायको इथे बसलीय.

अर्क माणसांवर नीट तपासून बघायचा, म्हणून ताईनं किती दारं ठोठावली. नाही कुणी म्हणालं नाही. हो पण कुणी म्हणालं नाही. काल सरांनी विचारलं, तिच्या बाटल्यांचं काय करायचं? हे काम पुढे नेणारं कॉलेजात कुणी नाही. मी काय सांगणार?

जायच्या आदल्या रविवारी ती घरी आली होती. मी विचारलं, ताई, वेळेत काही हाती लागेल का गं? एरवी ती समजावत बसायची. त्या दिवशी माझा हात धरला फक्त. "तुझ्या वेळेत नाही लागणार, अनंता."

खोटं बोलली असती तरी मला चाललं असतं. ती खोटं बोलली नाही. आणि आता तर तिच्याही वेळेत लागलं नाही. मग हे सगळं कशासाठी केलं तिनं, मंडळी? रोज विचार करतो.

मालक आज आले नाहीत. हार पाठवलाय.

आता सगळे उभे राहूया. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका. खाण चालू आहे, मशीनचा आवाज इथवर येतोय. येऊ दे.