टाचणी

बाई : दुकानात बूटमोजे घालून कधीपासून बसायला लागलात, टेलरभाऊ?

टेलर : फरशी गार लागते हो. बसा ना. चहा सांगू? बिनसाखरेचा.

बाई : चहा राहू द्या. दोन मंगळवार मधुमेहाच्या गटात आला नाहीत. आपली जोडी ना? तुमचे तळवे मी बघायचे, माझे तुम्ही.

टेलर : कामाची गर्दी आहे. शाळेचे गणवेश...

बाई : मशीनवर धूळ बसलीय. चाळीस वर्षं शाळेत पोरांच्या थापा ऐकल्यात मी. बूट काढा.

टेलर : साखर चांगली आहे माझी. आज एकशेवीस.

बाई : कालही एकशेवीस, परवाही एकशेवीस. रोज फोनवर तोच आकडा! साखर मोजायचं यंत्र बिघडलंय की तुम्ही?

टेलर : यंत्र कपाटात आहे. हात लावायची भीती वाटते.

बाई : काय झालंय पायाला?

टेलर : टाचणी घुसली, बाई. दिवसभर तिच्यावर पाय दाबून मशीन चालवत होतो. सुनेला फरशीवर रक्त दिसलं, तेव्हा कळलं. बोटाला नुसती टेकली तरी हात झटकणारा माणूस मी!

बाई : कधीची गोष्ट?

टेलर : नऊ दिवस झाले. सुनेला म्हटलं, ठेच लागली. आता वास येतोय.

(बाई जमिनीवर बसतात.)

टेलर : अहो, खाली काय बसता! तुमचे गुडघे...

बाई : ओरडू देत गुडघे. बूट आणि मोजा हळूच काढते.

टेलर : दादाचं असंच झालं होतं. आधी अंगठा कापला, मग गुडघ्यापर्यंत. डॉक्टर मलाही तेच सांगतील.

बाई : दादा दवाखान्यात कधी गेले होते?

टेलर : पाय काळा पडल्यावर.

बाई : मग?

टेलर : समजलं. पण आता कसं दिसतंय, ते सांगा. लाली वर चढलीय का? मला वाकून दिसत नाही.

बाई : सूज आहे. पाऊल गरम लागतंय. घोट्याच्या वर लाली नाही. कापतील की नाही, मला माहीत नाही. खोटा धीर देणार नाही. चला दवाखान्यात, आले ती रिक्षा बाहेर थांबवून ठेवलीय.

टेलर : डॉक्टरांच्या खोलीत आत याल?

बाई : येईन. ते जे सांगतील ते घाईत कळलं नाही, तर मी सावकाश पुन्हा सांगेन. कळेपर्यंत. सुनेला वाटेत फोन करू. उठा, खांद्यावर भार टाका.

टेलर : तुम्हालाही भीती वाटतेय ना, बाई?

बाई : हो. पुढे पायरी आहे, सांभाळून.