टेबलावरची खूण

(दुपार. स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीत टीव्ही मोठ्यानं चाललाय.)

आई : तू काढलेल्या सिनेमाचं कौतुक राहू दे बाजूला. अख्ख्या थिएटरनं टाळ्या पिटल्या, मी हात हलवला नाही. कोठडीतली ती थप्पड खरी होती ना?

धाकटा : आई, सिनेमा आहे तो. पोलिसांचा म्हटल्यावर मार असणारच.

आई : मला नको शिकवू. पोरं बडवून मोठी केलीत मी, त्यातलाच तू एक. खोटा मार खाणारा आधीच डोळे मिटतो. जावईबापूंचे टक्क उघडे होते.

धाकटा : म्हणजे दाजींनी काम झकास केलं.

आई : खिडकीमागे बसून पावत्या फाडणारा माणूस, त्यांना कसलं आलंय काम! तू आरोपी केलंस, तर गावभर सांगत सुटले बिचारे. पण थप्पड बसताना इन्स्पेक्टरच्या तोंडाकडे नव्हते बघत. खाली कुठं बघत होते रे?

धाकटा : ...टेबलाकडे.

आई : का?

धाकटा : खूण असते. इन्स्पेक्टर झालेला नट टेबलावर बोट वाजवतो, की समोरच्यानं मान वळवायची. हात गालाजवळून जातो, लागत नाही. आवाज आम्ही मागाहून घालतो.

आई : मग?

धाकटा : शूटिंगला त्या दिवशी सकाळपासून सगळं नाटकी दिसत होतं. मी त्या नटाला बाजूला घेतलं. म्हटलं, या वेळी खूण करू नकोस. आणि हात आखडू नकोस.

आई : आणि जावयांना?

धाकटा : नाही सांगितलं. सांगितलं असतं तर ते डोळे मिळाले नसते.

आई : शाबास रे माझ्या वाघा! बहिणीचा नवरा म्हणजे फुकटचा गाल.

धाकटा : मी धावलो गं लगेच. बर्फ लावला. तर माझ्याआधी तेच म्हणाले, "माफ करा हं, माझंच चुकलं. खूण ऐकायची राहिली."

आई : आणि तू?

धाकटा : सेटवर सगळे टाळ्या वाजवत होते, आई.

आई : तो टीव्ही ऐकतोयस? तेच बसलेत बाहेर. तुझी ताई कधीची कुरकुरतेय, हाक मारली तर ओ देत नाहीत म्हणून. आणि मी शहाणी काय म्हणाले? नवऱ्यांचे कान लग्नातच जातात, बाई! पोट धरून हसलो आम्ही दोघी. तेही हसले. आम्ही हसतोय म्हणून.

धाकटा : कुठला कान?

आई : डावा. ज्या गालावर पडली, त्याच बाजूचा.

धाकटा : ...मी उद्याच डॉक्टरकडे नेतो.

आई : ने. पण त्यांना अजून वाटतंय, खूण वाजली होती, आपल्यालाच ऐकू आली नाही. त्याला डॉक्टर काय करणार?

धाकटा : ताईला कळलं तर माझं तोंड बघणार नाही ती.

आई : नको बघू दे. मलाही थोडे दिवस नाही बघायचं. ऊठ.

धाकटा : आत्ता? काय म्हणू?

आई : मारायला लावताना सुचलं, तसं सुचेल. आणि त्यांच्या उजव्या हाताला बस. डावीकडून बोललास, तर पुन्हा म्हणतील, "माझंच चुकलं."