न दिसणारा आहेर

क्रेडिट कार्डाचं नाव माझ्यासमोर काढू नका. ही कार्डं नवीन होती तेव्हाची गोष्ट. दौंडच्या एका बँकेतले लोक असं एक कार्ड फुकट म्हणून माझ्या गळ्यात मारत होते. मी चारदा विचारलं, तेव्हा कुठे बारीक अक्षरातली वार्षिक फी सापडली. तिथल्या तिथे भांडलो आणि आधीच पैसे भरलेलं, बिनफीचं कार्ड घेऊन निघालो. पाचशेचं होतं. दुसऱ्या दिवशी न्हावऱ्याला मित्राच्या मुलीचं लग्न होतं. तेच कार्ड आहेराच्या पाकिटात घातलं आणि रीतीप्रमाणे वर एक रुपया चिकटवला.

नवरीचे मामा माइकवर आहेर वाचत होते. त्यांनी माझं पाकीट फोडलं, उलटं करून झटकलं.

"दौंडचे पत्रकारसाहेब, रुपये एक. आन् सोबत त्यांचं व्हिजिटिंग कार्ड."

सगळा मांडव हसला. वीस वर्षांची अब्रू जात होती. मी धावत गेलो.

"मामा, माझं कार्ड नाही ते. त्यात पाचशे रुपये आहेत."

मामांनी कार्ड उन्हात धरून पाहिलं. "कुठं हायेत?"

"दिसत नाहीत. दुकानातल्या मशीनवर घासलं की मिळतात."

"न्हावऱ्यात हाय का मशीन?"

"नाही."

"शिरूरला?"

"चौकशी करावी लागेल."

मामांनी शांतपणे माइक तोंडाजवळ घेतला.

"मंडळी, एक दुरुस्ती हाय. कार्डात पाचशे रुपये असल्याचं पत्रकारसाहेब सांगत्यात. बातमीला अजून दुजोरा मिळाल्याला न्हाई."